दाताचा रंग कुठे असतो?

मधल्या सुट्टीत मैदानावर दोन मुले धावता धावता एकमेकांवर आदळतात. रडारड होते, ओठातून थोडे रक्त येते, बाई पाण्याने तोंड धुऊन देतात. मग लक्षात येते, की वरच्या पटाशीच्या दाताचा एक कोपरा तुटला आहे. शाळा नागपुरातल्या नंदनवनातली असो की मेळघाटातली, असा प्रसंग बहुतेक शिक्षकांनी कधी ना कधी पाहिलेला असतो. वरचे मधले दोन कायमचे दात सातव्या-आठव्या वर्षी येतात, आणि पडण्या-आपटण्याचे वयही तेच. पुढे बरेच दिवस ते मूल हसताना तोंडावर हात धरते. मोठ्याने वाचायला सांगितले तर उभे राहत नाही. आईवडील डॉक्टरांना विचारतात, "दात पहिल्यासारखा दिसेल ना हो?"

या प्रश्नाला आज बहुतेक वेळा "हो" म्हणता येते. नंदनवनपासून फार दूर नसलेल्या मेडिकल चौकाजवळ १९६८ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे, आणि गल्लोगल्लीच्या दवाखान्यांतही तुटलेला कोपरा दाताच्या रंगाच्या 'सिमेंट'ने तासाभरात बांधून मिळतो. लोक ज्याला सिमेंट म्हणतात ते खरे तर सिमेंट नाही. ते आहे कॉम्पोझिट रेझिन, म्हणजे काचेची बारीक पूड मिसळलेले प्लॅस्टिक. दाताशी बेमालूम जुळणारा हा पदार्थ सापडायला सुमारे शंभर वर्षे लागली. एवढा उशीर का लागला? योग्य रसायन हाती नव्हते हे एक कारण झालेच. पण आणखी एक कारण होते. दाताचा रंग म्हणजे नेमके काय, हेच आधी नीट समजून घ्यावे लागले.

तेलाचा डाग आणि दात

एक साधा प्रयोग करू या. कोऱ्या पांढऱ्या कागदावर खाद्यतेलाचा एक थेंब टाका. कागद खिडकीसमोर धरला, तर डाग उजळ दिसतो. तोच कागद काळ्या पाटीवर ठेवला, तर डाग काळपट दिसतो. तेलाने कागदाला कोणताही रंग दिलेला नाही. मग झाले काय?

कागद हे बारीक तंतूंचे जाळे असते आणि तंतूंच्या मधल्या जागेत हवा असते. हवेचा अपवर्तनांक १, तंतूंचा सुमारे १.५. या दोहोंच्या प्रत्येक सीमेवर प्रकाश वळतो, विखुरतो आणि पुष्कळसा आपल्याकडे परत येतो, म्हणून कागद पांढरा दिसतो. तेलाचा अपवर्तनांक तंतूंच्या जवळपास असतो. हवेची जागा तेलाने घेतली की या सीमा जणू पुसल्या जातात, आणि प्रकाश आरपार जाऊ लागतो.

आता दाताकडे वळू. दाताचे बाहेरचे कवच म्हणजे एनॅमल. त्याच्या वजनाचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असतो. खनिजाचे स्फटिक दाटीने रचलेले असतात आणि त्यांच्या मधल्या सूक्ष्म जागेत पाणी असते. एनॅमलचा अपवर्तनांक सुमारे १.६२, पाण्याचा १.३३. एनॅमल जवळजवळ रंगहीन आणि अर्धपारदर्शक असते. त्याच्या आतला डेंटिनचा थर पिवळसर असतो. आपल्याला दिसणारा रंग हा एनॅमलमधून आत गेलेला, डेंटिनवरून परतलेला आणि वाटेत विखुरलेला प्रकाश असतो. म्हणून एकच दात सगळीकडे एका रंगाचा नसतो. हिरडीजवळ एनॅमल पातळ, तिथे दात अधिक पिवळा दिसतो. चावण्याच्या कडेला मागे डेंटिनच नसते, तिथे निळसर-करडी झाक असते.

दुसरी-तिसरीच्या वर्गात याचा पडताळा घेता येईल. दुधाचे दात आणि नुकते आलेले कायमचे दात शेजारी शेजारी पाहा. नवे दात हमखास पिवळे वाटतात, आणि पालक तक्रार करतात की मूल दात घासत नाही. बहुतेक वेळा हा दोष घासण्याचा नसतो. कायमच्या दातांचे डेंटिन जाड आणि अधिक पिवळे असते, एवढेच.

आणखी एक गोष्ट. दात काही मिनिटे कोरडा राहिला, की एनॅमलमधले पाणी उडून तिथे हवा शिरते. पाण्यापेक्षा हवेचा अपवर्तनांक एनॅमलहून अधिक वेगळा, म्हणून प्रकाश जास्त विखुरतो आणि दात खडूसारखा पांढरा दिसतो. तेलाच्या प्रयोगाची ही उलट बाजू झाली. दंतवैद्याने तोंडात कापूस ठेवून, दात कोरडा करून मग रंग निवडला, तर तो फसतो. दुसऱ्या दिवशी दात पुन्हा ओला होऊन मूळ रंगावर येतो आणि भरलेला भाग पांढरा उठून दिसतो. म्हणून रंग सर्वांत आधी, दात ओला असतानाच निवडायचा, हा आजचा पहिला नियम आहे.

सोन्यापासून काचेपर्यंत

एकोणिसाव्या शतकात पुढच्या दातातली कीड काढून तिथे सोन्याचा वर्ख ठोकून बसवत. ते काम टिकाऊ असे, पण हसताना चमके. इंग्लंडमध्ये टॉमस फ्लेचर यांनी १८७० च्या दशकात सिलिकेट सिमेंट मांडले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत त्यात सुधारणा झाली. काचेची पूड फॉस्फोरिक आम्लात कालवायची, की ती घट्ट होते. काच असल्यामुळे प्रकाश थोडा आत शिरे, आणि म्हणून दाताशी मेळ बरा जमे. सुमारे अर्धे शतक पुढच्या दातांसाठी हाच पदार्थ वापरात होता. पण तो लाळेत हळूहळू विरघळे, त्याला डाग पडत, आणि काही वर्षांत पुन्हा भरावा लागे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत तोंडातल्या तोंडात घट्ट होणारे ॲक्रिलिक आले. ते लाळेत विरघळत नसे आणि रंगही हवा तसा देता येई. मात्र घट्ट होताना ते फार आकसे. शिवाय गरम चहा नि गार पाणी यांनी ते दाताच्या कितीतरी पट प्रसरण-आकुंचन पावे. त्यामुळे दात आणि ॲक्रिलिक यांच्यात फट पडे, फटीत रस शिरे, आणि काही महिन्यांत कडेने तपकिरी रेघ उमटे. रंग कितीही अचूक निवडला तरी ही रेघ सारे उघड करी. दाताला घट्ट चिकटल्याखेरीज रंगाचा मेळ टिकत नाही, हे इथे कळून चुकले.

शिवाय तुटलेल्या कोपऱ्याची अडचण निराळीच होती. किडीच्या खड्ड्यात भरण अडकून राहू शकते; तुटलेल्या कोपऱ्यावर अडकायला जागाच नसते. मग दात चहूबाजूंनी कोरून त्यावर टोपी बसवायची, एवढाच मार्ग उरे. दहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हा फार महागडा सौदा होता.

आम्ल, वाळू आणि कापूर

अमेरिकेत रॉचेस्टर येथे मायकेल बुओनोकोर यांना कारखान्यातली एक रीत ठाऊक होती. धातूच्या पत्र्याला रंग नीट धरावा म्हणून पत्र्यावर आधी फॉस्फोरिक आम्लाची प्रक्रिया करत. दातावर तसेच केले तर? १९५५ साली त्यांनी ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल ३० सेकंद एनॅमलवर लावून दाखवले, की त्यानंतर ॲक्रिलिक कितीतरी अधिक घट्ट धरते. आम्लाने एनॅमलवर असंख्य सूक्ष्म खळगे पडतात. पातळ रेझिन त्यांत उतरते आणि तिथेच घट्ट होते. आज आम्ल सौम्य, ३५ ते ३७ टक्क्यांचे वापरतात, पण तत्त्व तेच आहे. तुटलेल्या कोपऱ्याला प्रथमच पकड मिळाली.

राहिला पदार्थ. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये काम करणारे दंतवैद्य राफाएल बोवेन यांनी इपॉक्सी आणि ॲक्रिलिक या दोहोंचे गुण असलेला एक मोठा रेणू तयार केला. त्याचे नाव बिस-जीएमए. रेणू मोठा असल्यामुळे घट्ट होताना तो कमी आकसे. त्यात त्यांनी सिलिकाची, म्हणजे शुद्ध वाळूची बारीक पूड मिसळली आणि पूड रेझिनला धरून राहावी म्हणून कणांवर सिलेनचा लेप दिला. १९६२ साली त्यांना याचे पेटंट मिळाले. काँक्रीटमध्ये गिट्टी आणि सिमेंट, तसे इथे वाळू आणि रेझिन. पुढची कॉम्पोझिट याच वंशातली आहेत.

सुरुवातीची कॉम्पोझिट दोन मलमे कालवून घट्ट करावी लागत. त्यातली अमाइन रसायने काही वर्षांनी पिवळी पडत. शिवाय वाळूचे कण जाडसर, दहा मायक्रोमीटर आणि त्याहूनही मोठे असत. घासून घासून रेझिन झिजे, कण वर येत आणि पृष्ठभाग खरबरीत होई. अशा पृष्ठभागावर चहाचे आणि विदर्भात खर्ऱ्याचेही डाग चटकन बसतात. १९७० च्या दशकात ०.०४ मायक्रोमीटर एवढे सूक्ष्म सिलिका-कण वापरलेली कॉम्पोझिट आली. हे कण दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीहून लहान, म्हणून पृष्ठभाग एनॅमलसारखा झळकू लागला. पुढे लहान-मोठ्या कणांची मिश्रणे करून चकाकी आणि मजबुती दोन्ही साधल्या गेल्या.

याच काळात कालवण्याचीही गरज संपली. आधी अतिनील किरणांनी घट्ट होणारे रेझिन आले, पण ते किरण डोळ्यांना घातक आणि फार खोल न जाणारे. १९७६ साली मँचेस्टरमध्ये मोहम्मद बासिऊनी यांनी दृश्य प्रकाशाने घट्ट होणारे पहिले भरण केले. या प्रकारच्या रेझिनमध्ये प्रकाश शोषून क्रिया सुरू करणारा पदार्थ असतो कँफरक्विनोन. नावावरून ओळखलेच असेल, की हा आपल्या देवघरातल्या कापराचा नातेवाईक. कापराचे ऑक्सिडीकरण करून तो मिळवता येतो.

कँफरक्विनोन पिवळा आहे. वर्गात विचारायला हा चांगला प्रश्न आहे : पिवळा पदार्थ कोणत्या रंगाचा प्रकाश शोषेल? उत्तर, निळा. त्याचे शोषण ४७० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते, म्हणून दंतवैद्याचा दिवा निळा असतो. आणि निळा प्रकाश अडवायला दंतवैद्य डोळ्यांसमोर संत्र्याच्या रंगाची काच धरतात. नागपूरकरांना हा रंग वेगळा सांगायला नको! पूर्वी या दिव्यात हॅलोजन बल्ब असे. आता निळे एलईडी असतात, ज्यांच्या शोधासाठी २०१४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल दिले गेले. क्रिया होताना कँफरक्विनोनचा पिवळेपणा बराच कमी होतो, म्हणजे रेझिन घट्ट होताना रंग बदलते. म्हणून सावध दंतवैद्य रेझिनचा छोटा ठिपका दातावर ठेवून, दिव्याने घट्ट करून मगच रंग ठरवतो. तो ठिपका आम्ल न लावता ठेवलेला असल्याने सहज निघून येतो.

इतवारीचे दुकान आणि सोळा दात

पदार्थ मिळाला, तरी रंग मोजायचा कसा? अमेरिकन चित्रकला-शिक्षक अल्बर्ट मुन्सेल यांनी १९०५ साली रंगाची तीन अंगे मांडली : छटा, उजळपणा आणि दाटपणा. सरबताचे उदाहरण घ्या. लिंबाचे की कोकमाचे, ही झाली छटा. पाणी जास्त की कमी, यावर दाटपणा ठरतो. उजळपणा म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पायऱ्यांवर तो रंग कुठे बसतो ते. दातांचा रंगही याच तीन अंगांनी पाहावा, असे १९३१ साली ब्रूस क्लार्क यांनी दंतवैद्यांना सांगितले. पण ते अंगवळणी पडायला पुढे अनेक दशके गेली.

दवाखान्यात आपण पाहतो ती दातांची पट्टी जर्मनीतल्या व्हिटा कंपनीने १९५६ साली काढली. तिच्यात ए, बी, सी, डी अशा चार गटांत मिळून सोळा नमुने असतात. ए गट तांबूस-तपकिरी, बी तांबूस-पिवळा, सी करडा, डी तांबूस-करडा. जगभरचे कॉम्पोझिट अजूनही बहुधा याच नावांनी विकले जाते. ही मांडणी छटेनुसार आहे. प्रत्यक्षात डोळ्याला सर्वांत आधी खुपतो तो उजळपणातला फरक. म्हणून पुष्कळ दंतवैद्य तेच सोळा नमुने उजळाकडून गडदाकडे असे लावून घेतात. १९९८ साली कंपनीनेच उजळपणाला पहिला मान देणारी नवी पट्टी काढली. मोबाइलवर शेजारच्या दोन दातांचे कृष्णधवल छायाचित्र काढले, तर छटा नाहीशी होते आणि उजळपणातला फरक तेवढा उरतो.

आता प्रकाशाचा प्रश्न. इतवारीत साडीवर मॅचिंग ब्लाउजपीस घेताना अनुभवी बाई कापड दुकानाच्या दिव्याखाली पसंत करत नाही. ती साडी आणि कापड घेऊन दाराशी उजेडात येते. दोन रंग एका प्रकाशात सारखे आणि दुसऱ्यात वेगळे दिसू शकतात, हे तिला पुस्तकाशिवाय ठाऊक असते. दात आणि रेझिन यांचेही तसेच आहे. त्यांची रसायने वेगळी, म्हणून कुठली तरंगलांबी किती शोषली जाते तेही वेगळे. दंतवैद्याच्या पिवळ्या दिव्याखाली जुळलेला रंग रस्त्यावर फसतो. म्हणून रंग दिवसाच्या उजेडात, पण थेट उन्हात नव्हे, पाहायचा. ओठांचा रंग पुसायचा, भडक ओढणी झाकायची. नमुन्याकडे एका वेळी चार-पाच सेकंदच पाहायचे, कारण त्यानंतर डोळा थकतो आणि फरक जाणवेनासा होतो.

सोळांत न बसणारे दात

ही सोळा नमुन्यांची पट्टी विदर्भात अनेकदा अपुरी पडते. चंद्रपूर, यवतमाळ या जिल्ह्यांतल्या काही गावांत विहिरी आणि बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे किंवा तपकिरी डाग दिसतात. अशा कित्येक मुलांनी शाळेत "दात घासून ये" हे वाक्य ऐकलेले असते.

या डागांचे कोडे अमेरिकेत सुटले. १९०१ साली कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावी आलेल्या फ्रेडरिक मॅके या तरुण दंतवैद्याला गावकऱ्यांच्या दातांवर तपकिरी डाग दिसले आणि त्यांनी तीस वर्षे त्यांचा माग काढला. १९३१ साली ॲल्युमिनियम कंपनीतले रसायनतज्ज्ञ चर्चिल यांनी पाण्याच्या नमुन्यांत फ्लोराइड शोधून काढले. १९३७ साली तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागातून भारतातल्या फ्लोरोसिसची नोंद झाली. आज भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात दर लिटरला १ मिलिग्रॅम फ्लोराइड चालते. दुसरे पाणी नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत.

डाग पडतात कसे, हे आता आपण तेलाच्या कागदावरून सांगू शकतो. साधारण आठव्या वर्षापर्यंत हिरडीच्या आत कायमच्या दातांचे एनॅमल घडत असते. त्या काळात फ्लोराइड जास्त मिळाले, तर एनॅमल सच्छिद्र राहते. छिद्रांत प्रकाश विखुरतो, म्हणून दात पांढरा खडूसारखा दिसतो. दात उगवल्यावर छिद्रांत बाहेरचे रंग शिरतात आणि पट्टा तपकिरी होतो. डाग दातावर नाही, दाताच्या आत आहे. ब्रशने तो जाणार नाही, आणि कोळशाने किंवा विटेच्या भुकटीने घासले तर उरलेले एनॅमलही झिजेल. २००९ च्या सुमारास जर्मनीतून आलेल्या एका उपचारात ही छिद्रे सुमारे १.५ अपवर्तनांकाच्या पातळ रेझिनने भरतात, आणि सौम्य पांढरे डाग बरेच फिके होतात. कागदावरच्या तेलाचे काम इथे रेझिन करते.

अशा मुलाचा दात तुटला, तर कोणता रंग जुळवायचा? शेजारच्या दातावर पट्टे आहेत, नमुन्यांत एकही पट्टेरी दात नाही. कुशल दंतवैद्य आत डेंटिनसारखे अपारदर्शक पिवळसर रेझिन, त्यावर एनॅमलसारखे अर्धपारदर्शक असे थर देतो, आणि मधे पांढरा-तपकिरी रंग ब्रशने हलकेच फिरवून पट्टेही उतरवतो. पण तसे करायचे की नाही, हे मुलाला आणि पालकांना विचारूनच ठरवायला हवे. 'नैसर्गिक रंग' म्हणजे काय, याचे उत्तर छापील पट्टीत मिळत नाही. आपल्याकडे एके काळी काळे दातवण लावून दात काळे करणे हेच शोभेचे लक्षण मानत.

रंग मोजणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रे आता मिळतात. २०१९ साली जपानमधून आलेल्या एका कॉम्पोझिटमध्ये तर रंगद्रव्य जवळजवळ नसतेच. त्यातले एकसारखे गोल कण शेजारच्या दाताचा रंग उचलतात. लहान खड्ड्यात हे छान जमते. पण पुढच्या दाताचा मोठा कोपरा असला, की मागे आधार देणारा डेंटिनसारखा थर लागतो, आणि शेवटचा निकाल माणसाचा डोळाच देतो.

तुकडा कुठे आहे?

रंग हुबेहूब जुळणारा एक पदार्थ मात्र सुरुवातीपासून उपलब्ध होता : तुटलेला तुकडा. १९६४ साली चोसॅक आणि आयडेलमन यांनी तुटलेला भाग त्याच दातावर परत बसवल्याचे नोंदवले. १९७८ साली टेनरी यांनी आम्ल आणि रेझिन वापरून तुकडा चिकटवला. एनॅमल तेच, डेंटिन तेच, छटा, पट्टे, झाक सारे तेच. दंतवैद्याला रंग निवडावाच लागत नाही.

अट एकच. तुकडा मिळाला पाहिजे, आणि तो कोरडा पडता कामा नये. कोरडा पडला, तर तो खडूसारखा पांढरा होतो आणि पकडही कमी होते. म्हणून तुकडा कागदाच्या पुडीत बांधू नका. पाण्यात किंवा दुधात ठेवा आणि मुलाबरोबर दवाखान्यात पाठवा. थोडा पांढरा पडला असला तरी पाठवा. ओला राहिला की तो मूळ रंगावर येऊ लागतो. आणि कायमचा अख्खा दातच मुळासकट बाहेर आला, तर मुळाला हात न लावता तो दुधात घालून मुलाला ताबडतोब, शक्यतो अर्ध्या तासात, दंतवैद्याकडे न्या.

शाळेच्या प्रथमोपचार पेटीजवळ झाकणाची एक छोटी बाटली ठेवायला काहीच खर्च नाही. मैदानातल्या मातीत तांदळाएवढा तुकडा शोधायला मात्र पुष्कळ डोळे लागतात, आणि त्या वेळी सगळी मुले रडणाऱ्या मित्राभोवती गोळा झालेली असतात. काय शोधायचे आणि कशात ठेवायचे, हे त्यांना तेलाचा प्रयोग करतानाच सांगून ठेवावे.